इलोनाबाईंचा जटापाठ

आमच्या ओट्यावर वेदाखेरीज दुसऱ्या कशाचाही पाठ होत नसे. या नियमाला माझ्या तरुणपणी एकच अपवाद घडला, आणि तो हंगेरी नावाच्या देशातून आला. आमचे घर वसईच्या पश्चिमेस, केळीच्या वाडीत होते. आज त्या जागी काय उभे आहे ते पाहण्यास मी आता राहतो त्या फुलपाड्याहून मुद्दाम जात नाही. डोळे मिटले की मला तो ओटा दिसतो, त्यावरचा माझ्या वडिलांचा, आप्पांचा, पाट दिसतो, आणि पाटासमोरची माझी जागा दिसते, जिथली सारवलेली जमीन माझ्या मांडीने गुळगुळीत झाली होती. पहाटे प्रथम विहिरीवरचा रहाट कुरकुरे, मग आप्पांची संध्या सुरू होई, मग चर्चची घंटा वाजे, आणि घंटा थांबताच कुंपणापलीकडून इनासकाकांचे व्हायोलिन ऐकू येई. इनासकाका चर्चच्या गायनवृंदात आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवीत; उमेदीच्या काळात मुंबईच्या हॉटेलांतही वाजवून आले होते. ते आणि आप्पा एकमेकांच्या विद्येविषयी कधी एक शब्द बोलत नसत. पण एखाद्या दिवशी घंटेनंतर पलीकडे शांतता राहिली, तर आप्पांच्या हातातले अर्घ्याचे पाणी तसेच थांबे आणि ते आईला हाक मारून म्हणत, "जरा विचारून ये. आज स्वर नाही."

आप्पा घनपाठी होते. वेदाचे एक अक्षरही निसटू नये म्हणून पूर्वजांनी जी युक्ती योजली, ती वाचकांपैकी सर्वांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मंत्रातील पदे आधी सरळ म्हणावयाची. मग पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे, अशी वेणी घालीत पुढे जावयाचे. ही जटा. तिच्याही पुढचा गुंतागुंतीचा प्रकार तो घन. या येरझाऱ्यांत अर्थाचा मागमूसही उरत नाही, परंतु पाठ मात्र असा पक्का बसतो की माणसाला झोपेतून उठवून मधलेच पद विचारले तरी पुढचे आपोआप तोंडी येते. संथा घेताना दोघांनी समोरासमोर बसावे, आणि एक अडला तर दुसऱ्याने पुढचे पद सांगावे, हीही रीत. मात्र गुरू समोर असतील तर सांगण्याचा अधिकार फक्त गुरूंचा. शिष्याने तोंड मिटून बसावयाचे. ही रीत वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी.

एके दिवशी दुपारी इनासकाका कुंपणाचे फाटक ढकलून आत आले. त्यांच्यामागे एक उंच, हडकुळ्या, तांबूस केसांच्या बाई होत्या, आणि त्यांच्या खांद्याला व्हायोलिनची पेटी होती.

"गुरुजी, ही इलोना. माझ्या घरी उतरलीय," काका म्हणाले. "बुडापेष्टची. तिथे मोठमोठ्या सभांत वाजवायची."

"वाजवायची?" आप्पांनी नेमका भूतकाळ पकडला.

"तेच सांगायला आनलंय तिला."

काकांनी जे सांगितले ते असे. या बाई जुने संगीत वाजवीत नसत. ज्यांचे कर्ते अद्याप हयात आहेत असेच संगीत वाजवीत. त्यांच्या देशातील एका वृद्ध संगीतकाराने केवळ त्यांच्यासाठी एकट्या व्हायोलिनची एक दीर्घ रचना केली होती आणि अट घातली होती की ती कागद समोर न ठेवता, मुखोद्गत वाजवावी. पहिल्याच प्रयोगात, भरल्या सभागृहात, बाई मध्येच अडल्या. पुढचे काही केल्या आठवेना. त्या वाद्य काखेत धरून मंचावरून चालत्या झाल्या. त्यानंतर बोलावणी बंद झाली, आणि बाई मुंबईतील एका विद्यालयात लहान मुलांना व्हायोलिनचा गज धरायला शिकवू लागल्या. आता त्यांच्याकडील एका संगीतसंस्थेचे चिटणीस मुंबईस येणार होते. त्यांनी एकदाच ऐकण्याचे कबूल केले होते. रचना न अडता पूर्ण झाली तर बाईंना परत बोलावणे होते. नाही झाली तर लहान मुले आणि गज.

"मी हिला बोललो," काका म्हणाले, "आमच्या कुंपनापलीकडे एक मानूस आहे, तो आयुष्यात विसरलेला नाही."

आप्पा म्हणाले, "वाजवायला सांग."

बाईंनी ओट्याच्या पायरीवर उभे राहून वाजविले. मी श्रवणास सिद्ध होऊन बसलो होतो. व्हायोलिन म्हणजे इनासकाकांच्या लग्नांतील मधुर सुरावटी, एवढेच माझे ज्ञान. जे ऐकू आले ते नारळ खवल्यासारखे होते. मग कोणी दारावर टकटक करावी तसे. मग डास कानाशी यावा तसा एक अतिसूक्ष्म स्वर, मग दीर्घ शांतता, पुन्हा खवणे. स्वयंपाकघरातून आई हात पुसत बाहेर आली, तिने वाद्याकडे पाहिले, आणि दयार्द्र स्वरात मला विचारले, "बिघडलंय का रे?" कुंपणावर हनुवटी टेकून उभ्या असलेल्या कतरीनमावशी, म्हणजे इनासकाकांच्या पत्नी, म्हणाल्या, "आमच्याकडे चार दिस झाले हेच चाललंय, वयनी. कोंबड्यांनी अंडी घालायची सोडली."

आप्पा मात्र डोळे मिटून, हात जोडून ऐकत होते. वाद्य थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले. "याचा अर्थ काय, असे कोणी हिला विचारू नये," ते म्हणाले. "अर्थाच्या मागे लागलेल्याचा पाठ होत नाही. उद्या सूर्योदयानंतर या म्हणावे. वामन हिच्यासमोर बसेल."

वामन म्हणजे मी. माझ्यापाशी व्हायोलिन नव्हते, आणि समोरासमोर बसून संथा घ्यावयाची तर दोघांनी उच्चार करावयास हवा. तेव्हा आप्पांनी प्रथम त्या रचनेची पदे पाडली. बाई म्हणाल्या की यात शब्द नाहीत. आप्पा म्हणाले, "गज जिथे उचलता, तिथे पद तुटते." मग प्रत्येक ध्वनीस मुखाने म्हणता येईल असे नाव मिळाले. तार दाबून ओढली की 'खर्र', लाकडाने आघात केला की 'टक्', डासाचा स्वर तो 'सुईं', बोटाने छेडले की 'डुंग'. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून, जिथे माझ्या आजोबांनी आणि पणजोबांनी ऋचांची आवर्तने केली, त्या ओट्यावर मी ताठ बसून, हात वर-खाली हलवून स्वर दाखवीत, खणखणीत आवाजात म्हणू लागलो: "खर्र टक्, टक् खर्र, खर्र टक्. टक् सुईं, सुईं टक्, टक् सुईं." समोर इलोनाबाई तेच वाद्यावर उमटवीत. त्यांना मांडी घालता येत नसे. त्या एका पाटावर गुडघे उंच करून बसत आणि गज माझ्या नाकापासून वितीवर येऊन परतत असे.

याचे परिणाम व्हावयाचे ते झाले. पाचूबंदरची मासळीवाली टोपली घेऊन कतरीनमावशींकडे येई; तिने दोन दिवस ऐकले आणि तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी थांबून आईला हळूच विचारले, "भटिनबाय, पोराला कदीपासून हाय हे?" आईने त्या संध्याकाळी माझी दृष्ट काढली. माझ्या विवाहाचे कुठे कुठे बोलणे चालू होते. नालासोपाऱ्याहून एक सद्गृहस्थ मुलगा पाहण्यास आले, ते नेमके घन चालू असताना. ओट्याच्या टोकाला त्यांनी चपला काढल्या, थोडे ऐकले, पुन्हा चपला घातल्या आणि आत न येताच गेले. आई संतापली. आप्पा म्हणाले, "ज्याला पाठाचा विधी संपेपर्यंत थांबवत नाही, त्याच्याशी सोयरीक कशाला?" यावर आई म्हणाली, "पाठ नव्हे हो, खर्र टक्!"

तरीही इलोनाबाई आईच्या लाडक्या झाल्या. आप्पा त्यांना 'इला' म्हणत. इला ही वेदातील देवता. हे नाव पडल्या दिवसापासून आईने त्यांना रिकाम्या हाती परत पाठविले नाही. कधी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, कधी केळफुलाची भाजी. "आमच्या देशात सर्व जेवणात लाल मिरची घालतात," बाईंनी एकदा अभिमानाने सांगितले. आईने आनंदाने दहीभातासोबत सांडगी मिरची तळून दिली. बाईंनी ती अख्खी तोंडात टाकली. पुढे काही काळ त्यांच्या डोळ्यांतून जे वाहिले ते पाहून आप्पा म्हणाले की आज अध्ययन कठीण दिसते; पण बाई उठल्या, वाद्य हनुवटीखाली धरले आणि अश्रू ढाळीत 'सुईं' इतका शुद्ध लावला की तसा पुन्हा कधी लागला नाही. त्यांच्या देशातील मिरची रंगापुरती असते, हे त्यांनी नंतर मान्य केले.

अध्ययनात मोठे विघ्न होते ते मात्र मांजराचे. शास्त्राज्ञा अशी आहे की गुरू आणि शिष्य यांच्या मधून मांजर गेले तर त्या दिवसाचे अध्ययन बंद, हा अनध्याय. आमच्या पिढ्यांत याचा फारसा प्रसंग येत नसे, कारण आमच्याकडे मांजर येण्याजोगे काही शिजत नसे. पण कतरीनमावशींचे बोके-महाराज इलोनाबाईंच्या मागोमाग कुंपण ओलांडू लागले. पिवळा, एका कानाने फाटका, अत्यंत निवांत चालीचा तो बोका आप्पा आणि बाई यांच्या बरोबर मधून, शेपूट उभे धरून जाई. आप्पा तत्क्षणी पाट उचलीत.

"गुरुजी, पण वेळ थोडा उरला आहे!" बाई इंग्रजीत म्हणत, आणि मी भीत भीत भाषांतर करी.

"वेळ थोडा आहे हे बोक्यास सांगा," आप्पा म्हणत आणि आत जात.

बाई हुशार होत्या. त्यांनी व्हायोलिनच्या पेटीत, गजास लावावयाच्या राळेच्या कप्प्यात, सुके बोंबील ठेवण्यास प्रारंभ केला. पाठ सुरू होण्यापूर्वी एक बोंबील वाडीच्या दूरच्या टोकाला टाकावयाचा आणि बोका तिकडे गेला की त्वरेने बसावयाचे. युक्ती सफल झाली. आईला मात्र वासाचा पत्ता लागला. "वेदाच्या ओट्यावर बोंबील!" ती कपाळाला हात लावून म्हणाली. आप्पांनी थोडा विचार केला. "पेटी पायरीखाली ठेवावी," त्यांनी निर्णय दिला. "पायरी ओट्यात मोडत नाही."

अशा रीतीने रचना बसली. केवळ बाईंची नव्हे, सर्वांची. आई खोबरे खवताना नकळत ती पुढे नेई. कतरीनमावशी धुणे आपटताना 'टक्'च्या जागा बरोबर साधीत. इनासकाका एकदा मला म्हणाले, "वामन, काल लग्नात वाजवताना माझा हात 'सुईं'वर गेला रे. नवरी दचकली."

चिटणीसांनी वसईस येण्याचे मान्य केले आणि कार्यक्रम चर्चच्या सभागृहात ठरला. आप्पा तिथे येतील की नाही याविषयी गावात बरीच चर्चा झाली. आप्पांना ती ऐकू आली नाही, की त्यांनी ऐकून घेतली नाही, कोण जाणे. त्या संध्याकाळी त्यांनी धूतवस्त्र नेसले, घडी केलेले दर्भासन काखेत घेतले आणि पहिल्या रांगेतील खुर्चीवर ते अंथरून बसले. एका बाजूस मी, दुसऱ्या बाजूस आई. आमच्या रांगेच्या टोकाला चिटणीस: गोल चष्मा, घामाने चिकटलेला सदरा, आणि पायांजवळ कोणी लावलेल्या पंख्याची एकसारखी घरघर. मागे वाडीतली मंडळी भरली होती, त्यांपैकी बहुतेक इनासकाकांनी बळेच आणलेली. बाई मंचावर आल्या. मंच कसला, हातभर उंचीचा चौथरा. त्यांनी पेटी उघडली, वाद्य काढले, आणि पेटी आमच्या समोर, चौथऱ्याच्या पायाशी, तशीच उघडी ठेवली.

आरंभ उत्तम झाला. 'खर्र' आला, 'टक्' आला, मागच्या रांगेत कोणी हसले तेव्हा कतरीनमावशींनी मागे वळून इतक्या मोठ्याने "गप ऱ्हा!" म्हटले की चिटणीसही दचकले. मग अवघड भाग आला, ज्या जागी बाई आपल्या देशात अडल्या होत्या. माझे ओठ आपोआप हलू लागले. बाईंनी तो भाग पार केला! आईने माझा हात दाबला. आणि त्याच क्षणी उजव्या दारातून, शेपूट उभे धरून, बोका आत आला.

त्याला संगीताशी कर्तव्य नव्हते. तो राळेच्या कप्प्याकडे निघाला होता. मंचाच्या कडेकडेने, निवांत चालीने, आप्पा आणि इलोनाबाई यांच्या बरोबर मधून तो गेला. बाईंनी त्याला पाहिले. ओट्यावरचे वळण देहात उतरले होते: गज थांबला. त्यांनी वाद्य हनुवटीखालून काढले आणि आप्पांकडे पाहिले.

सभागृहात कोणालाच काही कळले नाही, कारण त्या रचनेत शांतता विपुल होती. चिटणीसांनी तर मान खाली घालून डोळे मिटले, बहुधा रसास्वादासाठी. परंतु आमच्या घराला ठाऊक होते की इथे शांतता नाही. इथे 'खर्र' आहे, आणि त्यामागे 'टक्'. आई कुजबुजली, "वामन, सांग ना!" मी आप्पांकडे पाहिले. गुरू समोर असता सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. आणि गुरूंचे तरी काय? मांजर मधून गेले होते. पाट उचलून घरी जावयाचे, हे शास्त्र. जन्मभरात आप्पांनी ते एकदाही मोडले नव्हते. मी त्यांचा हात दर्भासनाची कड धरताना पाहिला. बाईंचा चेहरा पांढरा पडत चालला होता. बोक्याने कप्प्यात तोंड घातले; बोंबील मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

आप्पांनी दर्भासनाची कड सोडली. मान किंचित उचलून, हात हवेत वर नेऊन, घनपाठाच्या त्यांच्या त्या घुमणाऱ्या आवाजात, भर सभेत ते म्हणाले:

"खर्रऽ, टक्."

बाईंनी वाद्य उचलले. 'खर्र', आणि त्यामागे 'टक्'. तिथून शेवटापर्यंत त्या एकदाही थांबल्या नाहीत. टाळ्या प्रथम इनासकाकांनी वाजविल्या. चिटणीस धावतच आप्पांपाशी आले आणि त्यांचे दोन्ही हात धरून इंग्रजीत पुष्कळ बोलले. मी भाषांतर केले की वृद्ध मानवी स्वराचा तो एकमेव प्रवेश त्यांना या रचनेचा प्राण वाटला, आणि हे त्यांच्या संगीतकाराला सुचले कसे! आप्पांनी नम्रपणे सांगितले, "त्यांना सुचले नाही. मांजर गेले." हे भाषांतर मी केले नाही.

घरी परतताना आई म्हणाली, "मग? शास्त्र कुठे गेलं?"

"मी तिथे गुरू म्हणून गेलो नव्हतो," आप्पा चालता चालता म्हणाले. "श्रोता म्हणून गेलो होतो. श्रोत्याच्या पुढून मांजर गेले तर अनध्याय नाही."

"श्रोता होता, तर सांगितलं कुठल्या अधिकाराने?"

आप्पांनी चालण्याचा वेग वाढविला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या गायत्रीजपाची एक माळ अधिक झाली. प्रायश्चित्त कशाचे, असे मी विचारले नाही.

इलोनाबाईंना बोलावणे आले. निघताना त्या आप्पांच्या पायांना हात लावू लागल्या, आप्पा मागे सरकले, त्या पुढे झाल्या, आणि अखेर दोघेही ओट्याच्या टोकाशी पोहोचल्यावर आप्पांना थांबणे भाग पडले. पुढे त्या जगभर वाजवीत राहिल्या. माझा नातू मोबाइलवर त्यांची ध्वनिचित्रे शोधून देई. कुठल्याही देशातले असो, त्या विशिष्ट जागी त्या वाद्य खाली घेत, पहिल्या रांगेकडे पाहत, थोडे थांबत, आणि मग पुढे जात. त्या थांबण्याची तिकडे फार प्रशंसा होते म्हणे. मी ते पाहताना प्रत्येक वेळी दारातून कोणी येते का ते बघतो.

गेल्या हिवाळ्यात त्या आल्या. केस पांढरे, पाठीला किंचित बाक. इनासकाका आणि कतरीनमावशी नाहीत, आई नाही, आप्पा तर केव्हाच गेले. सभागृह तेच, पण आता थंडगार आणि गुबगुबीत खुर्च्यांचे. नातवाने मला पहिल्या रांगेत बसविले. शेजारची खुर्ची रिकामी होती; मी तिच्यावर आप्पांचे दर्भासन ठेवले. घडी घातलेलेच.

बाई वाजवू लागल्या. माझे ओठ हलू लागले, इतक्या वर्षांनीही. ती जागा आली. त्यांनी वाद्य खाली घेतले आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, मग माझ्याकडे. सर्वांना वाटले, हीच ती प्रसिद्ध शांतता. मी मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि आजही शपथपूर्वक सांगू शकत नाही की त्या रीत म्हणून थांबल्या होत्या की खरोखरच विसरल्या होत्या. त्या वयात दोन्ही शक्य आहे. शांतता नेहमीपेक्षा लांबली. मी सवयीने मान वळवून आप्पांकडे पाहिले, आणि दर्भासन पाहून मला उमगले की आता या रांगेत सांगण्याचा अधिकार असलेला कोणी उरला असेल तर तो मीच.

"आजोबा, नको," नातू कुजबुजला. त्याने माझा हात वर जाताना पाहिला होता.

"खर्रऽ, टक्," मी म्हणालो.

माझा आवाज आप्पांसारखा घुमत नाही, पण सभागृहाच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण मागे कोणाच्या हातून काहीतरी पडले. नातू खुर्चीत खाली खाली सरकत दिसेनासा झाला. इलोनाबाईंनी वाद्य उचलले आणि शेवटापर्यंत नेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा माझा जप चालूच होता. "आज जास्त वेळ, बाबा?" तिने विचारले. एक माळ अधिक आहे, एवढेच मी खुणेने सांगितले, आणि चहा झाकून ठेवण्यास सुचविले.